गच्चीवरची तेलुगू मुळाक्षरं

प्रिय मामंजी,

तुम्ही असताना तुम्हाला ‘प्रिय’ म्हणायची माझी छाती झाली नसती. आमच्या उदगीरकडे सुना सासऱ्यांना पत्रं लिहीत नाहीत. लिहिलंच तर ‘तीर्थरूप’ लिहितात, आणि पुढे काय लिहावं ते कुणाला सुचत नाही. मला आज पुष्कळ लिहायचंय, म्हणून ‘प्रिय’च लिहिते. रागावणार नाही ना?

आज का लिहितेय, ते आधी सांगते. दुपारी डब्याच्या सुट्टीत वीज गेली. इलेक्ट्रिशियनच्या वर्गातच वीज गेली म्हणून मुली खो खो हसल्या आणि बाहेर लिंबाखाली जाऊन बसल्या. मी टेबलावर डोकं टेकलं. वरच्या झरोक्यातून उजेडाचा एक पट्टा धुळीतून खाली उतरत होता. बतुकम्माचा फुलांचा सण जवळ आलाय, तर कुणी तरी तंगेडीची पिवळी फुलं पाण्याच्या ग्लासात ठेवली होती. त्यांच्याकडे बघता बघता माझा डोळा लागला.

आणि तुम्ही दिसलात! शेवटच्या बाकावर, पांढऱ्या सदऱ्यात, टोपी मांडीवर. सगळा वर्ग पाण्याखाली असल्यासारखा हलत होता. तुम्ही तेवढे स्थिर. मी विचारलं, “मामंजी, कधी आलात?” तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत आणि फळ्याकडे मान हलवलीत. शिकव, म्हणालात जणू. मग वीज आली, पंखे फिरायला लागले आणि तुम्ही नव्हतात.

उद्या रविवार. उद्यापासून मी एक नवा वर्ग सुरू करतेय. तुम्ही असता तर घरी गेल्यावर आधी तुमच्या खुर्चीपाशी येऊन हे सांगितलं असतं. आता ती खुर्ची तुमच्या नातीनं, केतकीनं, तिच्या पुस्तकांना दिलीय. म्हणून इथेच, मुली परत यायच्या आत, वहीची पानं काढून बसले.

तुम्हाला तो मिक्सर आठवतो? मला लग्न होऊन अंबरपेठेत येऊन सहा-सात वर्षं झाली होती. केतकी चार वर्षांची होती. चटणी वाटता वाटता मिक्सर बंद पडला. हे म्हणाले, संध्याकाळी कोटीच्या बाजारात दुकानात देतो. हे कामावर गेले, आत्याबाई देवळात गेल्या, आणि मी तुमच्या पेटीतला पेचकस घेऊन मिक्सर जमिनीवर उघडून बसले. आतला कार्बनचा तुकडा झिजून गेला होता. मागे कधी तरी पडून राहिलेल्या जुन्या मिक्सरातला काढून बसवला. बटण दाबलं, आणि घरघर सुरू!

मागे वळून बघते तर तुम्ही दारात. मी पदर सावरत उठले. चोरी पकडल्यासारखं वाटलं.

“कुठं शिकलीस, बाई?” तुम्ही विचारलंत.

“कुठं नाही. बारावीला सायन्स होतं. पुढे शिकायचं होतं, पण लग्न ठरलं.”

तुमची सत्तरी जवळ आली होती. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण सिकंदराबादला जुन्या मित्रांना भेटायला बसनं जायचात. दोन दिवसांनी तिकडून येताना एक घडी घातलेला कागद घेऊन आलात आणि ओट्यावर ठेवलात.

“दरख्वास्त आहे. आयटीआयची. बिजलीचं काम शिकवतात. उद्या सुबह तयार राहा.”

घरात काय गोंधळ झाला होता! हे म्हणाले, “घरात एवढंसं पोर आहे आन् ही तारा जोडायला जाणार?” आत्याबाई तर चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. शेवटी बोलल्या त्या एवढंच, “मीटर बघायला आजवर कधी बाई आल्याली बघितली नाही मी.” तुम्ही उर्दू पेपरातून डोकं वर न काढता म्हणालात, “आता बघशील की.”

आयटीआयच्या अर्जाच्या खिडकीवरचा तो माणूसही आठवतो ना? त्यानं माझं बारावीचं मार्कशीट बघितलं आणि परत सरकवलं. महाराष्ट्र बोर्ड. बाहेरच्या राज्यातली. इथल्या मुलांच्या जागा आधी भरणार, मग काही उरलं तर बघू.

“घर इधर, बच्ची इधर,” तुम्ही त्याला शांतपणे म्हणालात, “फिर ये बाहर की कैसे हुई, साब?”

तो तरी काय करणार? नियम त्यानं केले नव्हते. पण तुम्ही उठला नाहीत. पहिली यादी लागली, दुसरी लागली. दर वेळी आपण बस बदलत जायचो आणि तुम्ही बाकावर बसून राहायचात. शेवटच्या यादीच्या दिवशी कळलं की इलेक्ट्रिशियनच्या वर्गात मुलींच्या जागा रिकाम्याच राहिल्यात. कुणी अर्जच केला नव्हता! तिथं माझं नाव लिहिलं गेलं. परतीच्या बसमध्ये तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. कान लाल झाले होते तुमचे. हसू आलं की तुमचे कान लाल व्हायचे, हे मला त्या दिवशी कळलं.

खासगी कॉलेजांची नावंसुद्धा आपल्या घरात कुणी काढत नव्हतं, आणि इथं फी आपल्याला झेपणारी होती. मला वाटलं, सुटले! पण फी झेपली म्हणजे शिक्षण झेपलं असं नसतं, हे पुढच्या सहा महिन्यांत कळलं. सर शिकवायचे तेलुगूत. पुस्तक इंग्रजीत. मी आयुष्यभर शिकले मराठीत. भाजीवाल्याशी बोलण्यापुरती तेलुगू मला येत होती, पण फळ्यावरची अक्षरं म्हणजे जिलेब्या! मोटार उघडून जोडायला सांगितली की मी सगळ्यांच्या आधी जोडायची. लिहायला बसवलं की घाम फुटायचा.

सहामाहीत मी थिअरीत नापास झाले.

मामंजी, आता ज्याच्याबद्दल लिहायचंय, ते लिहिताना पेन अडतंय.

त्या दिवशी मी घरी येऊन पुस्तक ओट्यावर आपटलं. म्हणाले, उद्यापासून जाणार नाही. तुम्ही म्हणालात, “बाई, एकदा फिरून बस इम्तिहानला.” आणि मी, जिनं तुमच्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता, ती मी म्हणाले, “तुम्हाला काय कळणार? तुम्ही कधी परीक्षेला बसलात का? जन्मभर खलाशीच तर होतात!”

आत्याबाईंच्या हातातली वाटी खाली पडली.

खलाशी, म्हणजे कारखान्यात फिटरच्या हाताखाली अवजारं देणारा. तुम्ही भरती झालात तो खलाशी म्हणून आणि निवृत्त झालात तोही खलाशी म्हणूनच. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणीच कधी बोलत नव्हतं.

“हौ,” तुम्ही म्हणालात. एवढंच. चपला घातल्या आणि बाहेर पडलात.

का नाही रागावलात? एक शब्द तरी बोलायचा होतात!

अंधार पडायच्या आत तुम्ही परत आलात. पिशवीत तेलुगूचं पहिलीचं पुस्तक होतं आणि तीन पाट्या. एक केतकीची, एक माझी. तिसरी कुणाची, ते सकाळी गच्चीवर गेल्यावर कळलं.

मामंजी, त्या गच्चीवरच्या सकाळी मला अजून स्वप्नात पडतात. धुक्यात अंबरपेठेची घरं विरघळून गेलेली. संक्रांत जवळ आलेली, कुणाचा तरी कटलेला पतंग टाकीवर अडकून हळूहळू हलतोय. सतरंजीवर आपण तिघं. चार वर्षांची एक, सव्वीस वर्षांची एक आणि सत्तर वर्षांचे एक. शेजारच्या पद्माक्का कठड्यापलीकडून म्हणायच्या, “अ, अम्मा! आ, आवु!” आवु म्हणजे गाय. आणि आपण तिघं एका सुरात म्हणायचो.

तुमचं शिक्षण सातवीपर्यंत, तेही उर्दूतून. तुमचा हात उजवीकडूनच सुरू व्हायचा. केतकी ओरडायची, “आजोबा, इकडून नाही, इकडून!” तुम्ही पाटी पुसायचात आणि पुन्हा उजवीकडूनच सुरू करायचात! मग तुमचे कान लाल व्हायचे. मी पहिल्यांदा तुमच्यासमोर मोठ्यानं हसले ते तिथंच. डोक्यावरचा पदर कधी खांद्यावर आला, कळलंसुद्धा नाही.

पाडव्याच्या सुमाराला तुम्ही बसची पाटी वाचलीत. बस निघून गेली, तरी तुम्ही वाचत होतात, “अं… बर… पे… ट.” कंडक्टरनं हात केला, तुम्हीही केलात. त्या आनंदात आपण पुढच्या बससाठी अर्धा तास उभे राहिलो.

मी पास झाले. दोन वर्षांनी सर्टिफिकेट हातात आलं. ते तुम्ही दोन्ही हातांत धरलंत आणि किती वेळ बघत राहिलात! “वाचून दाखव, बाई.” मी वाचलं. “नाव बराबर लिहिलंय का?” मी हो म्हणाले. “फिरून एकदा वाच.” मला हसू आलं होतं तेव्हा.

पुढे मी ठिकठिकाणी काम केलं, शिकवायचं प्रशिक्षण घेतलं आणि या केंद्रात मुलींना बिजलीचं काम शिकवायला लागले. तुम्हाला सगळं माहीत आहे. माहीत नव्हतं ते मला.

गेल्या पौषात तुम्ही गेलात. आंघोळ करून उन्हात बसला होतात आणि तसेच गेलात, कुणाला हाक न मारता. दहाव्याला करीमचाचा आले. कारखान्यात तुमच्या शेजारी तीस वर्षं काम केलेले, तुमचा डबा खाल्लेले. सगळे उठून गेल्यावर ते माझ्यापाशी थांबले.

“बेटी, तेरे सर्टिफिकेट की बात उनो सबको बताते थे,” ते म्हणाले. “उनो खुद तीन बार फिटर का इम्तिहान दिए. मालूम तेरेकू?”

मला माहीत नव्हतं.

“हाथ का काम ऐसा करते थे, साब लोगां देखते रह जाते. मगर पर्चा अंग्रेजी में रहता था. लिखना नहीं आया. तीनों बार कोरा रख के आए. चौथी बार गएच नहीं.”

मामंजी, तीन वेळा! आणि मी तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही कधी परीक्षेला बसलात का?

हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? गच्चीवर नाही, बसमध्ये नाही, इतक्या वर्षांत कधीच नाही. मला वाईट वाटेल म्हणून? की सांगितलंत तर मी पाटी खाली ठेवीन म्हणून? तुमच्यावर रागावायचं असेल तर ते एवढ्यासाठीच. माफी मागायची संधी तुम्ही मला दिली नाहीत. आज मागते. चुकले मी, मामंजी.

आता उद्याचं सांगते. माझ्या वर्गात पुष्पा नावाची मुलगी आहे. आई-वडील ओडिशातून बांधकामावर आलेले. तिच्या हाताला नजर आहे. मोटारीचं वाइंडिंग ती इतकं सफाईनं करते की मी बघत राहते. घरी ती ओडियात बोलते, शाळा तिनं तीन ठिकाणी अर्धी अर्धी केली. मागच्या महिन्यात चाचणीचा पेपर देऊन ती माझ्यापाशी आली.

“मॅडम, कल से नहीं आऊँगी.”

“क्यों?”

“ये पढ़ाई मेरे जैसों की नहीं है.”

मी तिला बसवलं. पेपर समोर ठेवला आणि पहिला प्रश्न सोप्या हिंदीत सांगितला. तिनं उत्तर सांगितलं, बरोबर. दुसरा सांगितला, तोही बरोबर. पाचव्या प्रश्नाला ती रडायला लागली. “मॅडम, ये तो मेरे को आता है!”

मी तडक प्रिन्सिपल सरांकडे गेले. त्यांना म्हणाले, मला रविवारी दोन तास वर्ग द्या. ज्या मुलीला जी भाषा येते, त्या भाषेतून मी एकेक शब्द समजावीन, मग तोच शब्द पेपरातल्या भाषेत लिहून घेईन.

“मॅडम, ये सिलेबस में नहीं है.”

“बच्ची का पास होना तो सिलेबस में है ना, सर?”

ते हसले, पण परवानगी दिली नाही. मी दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेले. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर जाऊन बसले, तुम्ही बसायचात तशी. उठले नाही. काल त्यांनी सही केली.

अकरा मुलींनी नावं दिलीत. पुष्पाचं पहिलं. एक लंबाडा, म्हणजे बंजारा घरातली आहे, दोघी उर्दू बोलणाऱ्या, एक माझ्यासारखीच लग्न होऊन देगलूरकडून आलेली. ओडिया मला येत नाही. पुष्पाला म्हटलं, तू मला शिकव. तिनं आज सकाळी माझ्या वहीत चार अक्षरं काढून दिली. गोल गोल आहेत. माझी चुकली तर तीही मला ओरडली!

मुली परत यायला लागल्यात. बाहेर आवाज येतोय. आवरतं घ्यायला हवं.

मामंजी, तुम्हाला शब्द देते. माझ्या हातून कुणाच्याही नावापुढे ‘नापास’ लिहायची वेळ आली, तर त्याआधी मी तिला समोर बसवून तोच प्रश्न एकदा तिच्या भाषेत विचारीन. केंद्रातली नोकरी आहे तोवर विचारीन, आणि नोकरी सुटल्यावर आपल्या घरी बोलावून विचारीन. उद्या सकाळी नऊला पहिला वर्ग आहे. मी साडेआठलाच जाऊन दार उघडणार आहे.

तुमची सून,
रेखा