उजव्या हाताचं मत

३ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे तसं बरं आहे. बाबांचा उजवा हात झटका आल्यापासून जिथं ठेवावा तिथंच राहतो. जीभ मात्र सहीसलामत सुटली. काल शेजारचा दुकानदार नुसता विचारपूस करायला आला, तर नफा म्हणजे चोरी कशी, हे त्याला तासभर ऐकावं लागलं. जाताना त्यानं मलाच सहानुभूती दाखवली.

पत्राचं कारण वेगळं आहे. दप्तरं शिवून घेणाऱ्या ठेकेदाराचा मला वीट आलाय. कापड त्याचं, साचा त्याचा, मोडते ती पाठ माझी. पट्ट्याची शिवण जरा तिरकी गेली की अख्खा गठ्ठा परत. आता वाटतं, दप्तरं आपणच शिवावीत आणि आपणच शाळांना द्यावीत. मागच्या गल्लीतल्या दोघी पगारावर यायला तयार आहेत. एक थोरली, नवरा गेलेली. दुसरी अगदी तरुण. अडलंय ते जागेवर. पुढच्या खोलीत रोज संध्याकाळी बाबांचं अभ्यासमंडळ भरतं. त्यांचे कारखान्यातले जुने सोबती येतात, क्रांती अजून का झाली नाही यावर भांडतात, आणि मी चहा करते.

विचारलं तर बाबांनी घराचा नियम काढला. युनियनमध्ये तसं घरात, सगळं सभेत ठरणार. मत उजवाच हात वर करून, कारण एकदा कुणीतरी दोन्ही हात वर करून दोनदा मोजून घेतलं होतं. तुझं मत पत्रानं. परवा सभा झाली. मी हात वर केला. मग अध्यक्ष म्हणून बाबांनी विरोधात कोण असं विचारलं, विरोधक म्हणून माझ्याकडे पाहिलं, आणि मी उठून त्यांचा हात वर धरला. माझ्याच ठरावाविरुद्ध! सदऱ्याच्या बाहीत तो हात मीच घालते, तेव्हा मतालाही मीच. हसलास तर याद राख.

एकास एक झालंय. आता तुझ्या मतावर सगळं आहे. चाळिशी आली दादा. मला एकदा तरी माझं स्वतःचं काहीतरी करू दे. वहिनींना नमस्कार. लोभ वाढवायचा की आटवायचा, ते तुझ्या उत्तरावर ठरवीन.

तुझी,
ठिणगी

१४ जानेवारी

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसलो, हे कबूल करतो. मग वाईटही वाटलं. बाबांनी तुझं नाव ठिणगी ठेवलं तेव्हा ती आपल्याच घरात पडेल असं त्यांना वाटलं नसावं.

बाबांशी माझं कधी पटलं नाही, हे तू जाणतेस. सगळंच सर्वांच्या मालकीचं केलं की शेवटी ते साहेबांच्या मालकीचं होतं, हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. पण म्हणून तू थेट मालकीण व्हावंस? दोघींनी शिवायचं, तू विकायचं आणि वरचं तुझ्या पदरात पडायचं, यात आणि तुझ्या ठेकेदारात फरक काय राहिला? यावर सोपा तोडगा आहे. त्या दोघींना भागीदार कर. तिघींचं सहकारी मंडळ, निर्णय तिघींचे, नफा तिघींचा. ठरावात एवढी दुरुस्ती केलीस तर माझा हात वर आहे असं समज. पगारी नोकर ठेवणार असशील तर मात्र तत्त्वाचा प्रश्न येतो.

बाबांना नमस्कार सांग, आणि तब्येत सांभाळ. ममता आहेच, ती मतावर अवलंबून नाही.

तुझा,
दादा

२५ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या तत्त्वाचं काय झालं ते ऐक. मी दोघींना बोलावलं, तुझं पत्र समजावून सांगितलं, भागीदार व्हा म्हणून अक्षरशः विनवलं. थोरलीनं विचारलं की दप्तरं खपली नाहीत तर भागीदाराला काय मिळतं. मी म्हटलं, तोटा. त्यावर ती म्हणाली की तोटा तुमच्याकडेच ठेवा बाई, मला पहिल्या तारखेला पगार द्या. तरुण मुलीचा प्रश्न एवढाच होता, की भागीदारांना घरी लवकर जाता येतं का. मी नाही म्हटल्यावर तिनंही नकाराची मान हलवली. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, दादा! भूक लागलेल्याला तो वाढायचा कसा, हे तू वर्गात शिकवत नाहीस वाटतं.

आणि राग येणार असेल तर येऊ दे, पण विचारते. तुझ्याकडे स्वयंपाकाला बाई येतात, त्यांना भागीदार केलंस का? वहिनींनी लिहिलंय, त्या बाई सलग दोन दिवस आल्या नाहीत तर तू किती चिडचिड केलीस. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

बाबांचं तेच. काल मंडळात विषय होता श्रमाचं मोल. तिघे सोबती आणि बाबा घसा बसेपर्यंत बोलले. मी चार कप ठेवले, चार कप उचलले. कुणाचं बोलणं थांबलं नाही. बाबांच्या पुस्तकात कामगाराला पगार असतो, सुट्टी असते, फारच झालं तर संप असतो. मला यातलं काय आहे ते शोधून सांग. कुठल्या वादात बसते मी?

मला भांडायचं नाही, मला खोली हवी आहे. सरळ हो किंवा नाही लिही. माया अजून शिल्लक आहे, पण तळ दिसायला लागलाय.

तुझी,
ठिणगी

४ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र झोंबलं. स्वयंपाकाच्या बाईंचं तर फारच. तुझी वहिनी त्या दिवसापासून मला भागीदार म्हणून हाक मारते.

तुझं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण मला बाबांची भीती वाटते. कारखाना बंद पडला, युनियन मोडली, ज्या देशांची ते उदाहरणं द्यायचे ते देशही बदलले. त्यांच्यापाशी उरली ती खोली आणि ते तिघे. तीही गेली तर ते खचतील, आणि ते माझ्या मतानं झालं असं मला आयुष्यभर वाटत राहील. तुझ्याविरुद्धही माझ्यानं मत देववत नाही. म्हणून पुष्कळ विचार करून ठरवलं आहे की मी तटस्थ राहतो. यात तुम्हा दोघांचाही मान राहील.

रागावू नकोस. थोरल्या भावाची चूक पोटात घाल.

तुझा,
दादा

१२ फेब्रुवारी

दादा,

आज नमस्कार नाही. तटस्थ! घरात वाढलास आणि नियम विसरलास? मतं समान पडली की अध्यक्षाचं जादा मत, आणि या घरात अध्यक्ष जन्मापासून एकच. तुझं तटस्थ म्हणजे नाहीच. तेवढं लिहायचं धाडस तरी करायचं होतंस.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते खूश झाले आणि संध्याकाळी मंडळासमोरच शेवटचं मतदान घेतलं. बाजूनं कोण, असं विचारल्यावर मी हात वर केला. विरोधात कोण, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीतून उठलेच नाही. त्यांनी पुन्हा पाहिलं. मी सांगितलं की हात उचलणं हे काम आहे, ते करणारी कामगार आहे, आणि कामगार आज संपावर आहे. चहाही नाही.

ते भडकले. पोटच्या मुलीनं असा विश्वासघात करावा, म्हणाले. डाव्या हातानं उजवा उचलायला गेले, तो घसरून पुन्हा मांडीवर पडला. एक सोबती मदतीला उठला. आणि दादा, त्याला बाबांनीच थांबवलं. म्हणाले की संप चालू असताना कामगाराचं काम दुसऱ्यानं केलं तर त्याला फितूर म्हणतात, आणि आपण आयुष्यात फितुराच्या हातचं काही घेतलेलं नाही. शेवटी त्यांनी घसा खाकरून जाहीर केलं, बाजूनं एक, विरोधात शून्य, ठराव मंजूर.

मी जिंकले आणि स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. आजही सदरा घालताना भिंतीकडेच बघत होते. तुझा मान राहिला ना? मग झालं.

ठिणगी

२० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी तीन पत्रं आली. राग होता म्हणून उत्तर दिलं नाही, मग कामामुळे जमलं नाही.

पुढच्या खोलीत आता तीन मशिनं आहेत. मंडळ रविवारपुरतं उरलंय. बाबांनी आपली खुर्ची हलवू दिली नाही, तेव्हा ते दिवसभर आमच्यातच बसतात. माझ्याशी अबोला, पण त्या दोघींशी गप्पांना खळ नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याचा वेळ जातोय, बरं झालं. पहिली मोठी मागणी आली, मी दोघींना जास्त वेळ थांबायला सांगितलं, एकदा तिरकी शिवण बघून अख्खा गठ्ठा उसवायला लावला. बोलताना माझा आवाज हुबेहूब ठेकेदारासारखा लागला, माझा मलाच ऐकू आला. तुला आनंद होईल म्हणून लिहिते.

काल सकाळी दोघी मशिनवर बसेचनात. बाबांनी त्यांची युनियन काढली आहे! माझ्याच खोलीत, माझ्याच चहावर. थोरलीनं मागण्या सांगितल्या. ठरल्या वेळी सुट्टी, उसवायचं तर त्याचाही पगार, चहा सगळ्यांनी पाळीपाळीनं करायचा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

मग बाबा थेट माझ्याकडे बघून बोलले, सव्वा महिन्यानं पहिल्यांदा. म्हणाले की शेवटची मागणी त्यांची स्वतःची आहे. या घरात एक कामगार आई गेल्यापासून एकही साप्ताहिक सुट्टी न घेता राबतो आहे, आणि अध्यक्षांच्या ते संप होईपर्यंत लक्षात आलं नाही. सबब मालकिणीलाही रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी. त्या दिवशी अध्यक्षांची आंघोळ, सदरा, जेवण आणि मंडळाचा चहा, यासाठी बदली कामगार नेमावा.

बदलीसाठी त्यांनी तुझं नाव सुचवलं. मी हात वर केला. त्या दोघींनीही आपापला हात वर केला, आणि दुसऱ्या हातांनी बाबांचा उजवा हात उचलून धरला.

ठराव एकमतानं मंजूर आहे. तुझं मत मागवलेलं नाही. रविवारी सकाळच्या गाडीनं ये. बाही आधी उजवी घालायची असते, मग डावी. बाकी भेटीत शिकवीन.

तुझी,
ठिणगी