मशीनचा तुटका पाय

तीर्थरूप आईस,
लांबूनच तुझ्या पायांना हात लावते.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुझ्या शिलाई मशीनचा तुटलेला बिडाचा पाय पार्सलने पोचला आणि आमच्या कारखान्यात नवा ओतूनही घेतला. पहिल्यांदा फजिती झाली. मी जुन्या पायाचं माप जसंच्या तसं धरलं आणि नवा आखूड निघाला. साचे बनवणारे काका म्हणाले, "बीड निवताना आक्रसतं हे आम्हाला रोज ऐकवतेस, आणि घरचं काम आलं की विसरतेस?" मग साचा जरा मोठा केला.

जुन्याचा आतला कोपरा अगदी काटकोनात होता, तिथेच तो गेला. नव्याला मी तिथे गोलाई दिली आहे, म्हणजे सगळा ताण एका जागी येणार नाही.

बाबा संध्याकाळी फिरायला जातात ना? शेजारच्या काकूंचे ब्लाउज रखडले असतील, रखडू देत.

तू लिहिलंस की जुनी चीर होती, पाय आपोआप तुटला. आई, जुन्या चिरेत गंज धरतो. हा तुकडा आतून स्वच्छ राखाडी आहे, चमकतोय. तो एका दणक्यात तुटलाय. बीड वाकत नाही, आधी कुरकुरत नाही, सरळ तुटतं. तुझ्यासारखंच.

मशीन एकटंच पडलं, की त्याच्याबरोबर तूही?

उत्तर लिहू नकोस, खोटं लिहिशील. रविवारी पाय घेऊन मीच येते. तो बसवायच्या आधी तुझा गुडघा बघणार आहे.

तुझी,
धाकटी