पहिल्या जागेचा वाद

मी, चारुलता दत्तात्रय गोवंडे, वय एकोणऐंशी, कार्ल्सरूहे विद्यापीठाच्या ग्रंथालयातून निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण संतापात लिहीत आहे. संतापाने माझी बुद्धी ढळत नाही, याची साक्षीदारांनी नोंद घ्यावी.

१. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द. जावई वेदांगने ते लॅपटॉपवर सुबक टाइप केले, मी सही केली, आम्ही समाधानाने चहा घेतला. मग नोटारबाई म्हणाल्या, इथे जर्मनीत घरी केलेले मृत्युपत्र अथपासून इतिपर्यंत स्वहस्ते लिहिलेले लागते. टाइप केलेल्याची किंमत शून्य. साक्षीदार मात्र लागत नाहीत म्हणे. मी तरी दोन घेणार. माझ्या वडिलांनी घेतले होते. अक्षराबद्दल कॉन्व्हेंटच्या सिस्टर बर्नडेटचे आणि त्यांच्या पट्टीचे आभार.

२. फ्लॅट व बँकेतली शिल्लक मुलगी वसुधा आणि मुलगा पुष्कर यांना निम्मी-निम्मी. केलरमधली, म्हणजे तळघरातली, हत्यारांची पेटी वेदांगला. पाना कोणता आणि पक्कड कोणती, हे त्याने आधी कुणाला तरी विचारून घ्यावे.

३. आता हिरवी वही. लग्नानंतर आम्ही बारा वर्षे इंग्लंडात हडर्सफील्डला होतो. माझे यजमान तिथे कापडगिरणीच्या यंत्रांवर इंजिनिअर. रविवारी दुपारी रग्बी लीग: तेरा-तेरा गडी, गुडघाभर चिखल, थर्मासमधला चहा, माझ्या तिखटमिठाच्या पुऱ्या. दर हिवाळ्यात आम्ही या वहीत वीस उत्तम खेळाडूंची यादी करत असू, खेळाडू कोणत्याही जागेवरचा असो. ही सवय जर्मनीत आल्यावरही सुटली नाही. यांचा लाडका विंगर डेरिक अ‍ॅकस्टर. कडेला उभा, बॉल आला की वारा. माझा प्रॉप लेन ओल्डरॉइड. बॉल छातीशी धरून मधोमध तिघांच्या अंगावर जाणारा.

“लेनने वर्षात दोनदा रेघ ओलांडली, चारू. दोनदा!”

“अहो, तुमच्या डेरिकचा शर्ट शेवटपर्यंत पांढरा असतो. त्याला खेळाडू म्हणायचं की पाहुणा?”

ट्राय, म्हणजे रेघेपलीकडे कितीदा बॉल टेकवला ते, मोजून सगळ्यांना तोलले की प्रॉप तळाशीच जाणार. स्वयंपाकिणीची पत ती किती जेवली यावरून ठरवतात का? ज्याला त्याच्या कामाचे गुण द्या, हे यांना पटायला एकोणीस वर्षे लागली. तरी पहिली जागा पेन्सिलीतच राहिली. खोडून खोडून तिथला कागद झिजला आहे.

दोन वर्षांपूर्वी रुग्णालयात हे म्हणाले, “चारू, लिही तुझा लेन. शाईने लिही.” त्याचा राग अजून गेलेला नाही. बावन्न वर्षे भांडलेला माणूस असे मैदान सोडतो? दयेची जागा मला नको. लेनलाही नको. घरी येऊन मी पेन्सिलीचे नावही पुसले.

४. र्युसेल्सहाइमचे धाकटे दीर श्रीरंग यांना ही यादी मंडळाच्या दिवाळी अंकात ‘दादाची यादी’ म्हणून छापायची आहे, डेरिकला पहिला करून.

“वहिनी, दादाच्या मनात तोच होता.”

“भावजी, तुम्ही तेव्हा क्रिकेट बघत होता.”

वही कदापि छापू नये. श्रीरंगभावजींना यांचा मफलर द्यावा. तोंडाला बांधण्याइतका लांब आहे.

५. वही वसुधाची मुलगी ईप्सिता हिला, जी ड्रेस्डेनला शिकते. नाताळात मी एका जुन्या सामन्याची टेप लावली. डेरिकच्या ट्रायवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ही नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये म्हणाली, “आल्झो, आजी, जरा मागे घे. याच्यासमोर कुणीच कसं नाही? बघ, सगळे त्या जाड्याला धरायला मधे गेलेत.” इतक्या वर्षांत हे आपणहून कुणी पाहिले नव्हते. वर म्हणते, “पण डेरिक पळतो मात्र सुंदर.” हेही खरेच आहे.

अट एकच. पहिली जागा तिने एकटीने भरू नये. मनापासून भांडणारे माणूस समोर मिळेपर्यंत थांबावे. तिच्या आजोबांसारखे मिळाले, तर जागा जन्मभर कोरी राहील. राहू दे.

हे सर्व मी कुणाच्या दडपणाविना माझ्या हाताने लिहिले.

कार्ल्सरूहे, २३ नोव्हेंबर २०२५
चारुलता दत्तात्रय गोवंडे

साक्षीदार:
१. सुरुची जोगळेकर, शेजारीण. (सही)
२. श्रीरंग गोवंडे, दीर. (सही) सर्व वाचले. वहिनी शुद्धीवर आहेत. कलम तीनला माझा सक्त विरोध आहे. दादाच्या वतीने मी भांडायला तयार आहे. ईप्सिताला माझा नंबर द्यावा.