वांग्याच्या वावरातली इंग्रजी गाणी

बाबा, वावरातल्या डब्यावर जी गाणी वाजायची, त्यांचे अर्थ मी तुम्हाला खोटे सांगितले होते. उद्या तुमची तिथी आहे. पंगत बसायच्या आधी तुमचं आवडतं गाणं लावायचं हे माय दरवर्षी करते, त्यात नवीन काही नाही. पण यंदा तिने मला सांगितलंय की गाणं वाजून झालं की मी उभं राहायचं आणि तो माणूस काय म्हणतो ते सगळ्यांना सांगायचं. "पोरगी बी.ए. झाली, तेबी इंग्रजीत. लोकायले कळू दे नं," एवढं बोलून ती सांबाराची, कोथिंबिरीची जुडी निवडायला बसली. तेव्हापासून मी घरात नुसती फिरते आहे. अंगण झाडलं, झाडलेलं परत झाडलं, कानात गाणी घातली, दोन ओळी ऐकून काढून टाकली. शेवटी हे लिहायला बसले, तर यातूनही दोनदा उठून झालं. लिहिलेलं कुठे पाठवता येणार नाही, हे मला कळतं. पण उद्या लोकांपुढे बोलण्याआधी एकदा तुमच्याशी बोलून पाहावं, असं वाटलं.

मी आठवीत होते. त्या हिवाळ्यात माकडं वांग्यावर अशी तुटून पडली होती की एक वांगं पूर्ण खात नव्हती, एकेक घास घेऊन फेकून द्यायची. सगळ्यांनी बांधला म्हणून तुम्हीही वावराच्या बांधावर, धुऱ्यावर बांबू रोवून त्याला स्पीकरचा डबा बांधला. दुकानदाराने आधी भजनं भरून दिली. चार दिवस माकडं बिचकली, पाचव्या दिवशी ती डब्याखालीच येऊन बसली आणि भजन ऐकत वांगी खाऊ लागली. तुम्ही परत वाशिमला गेलात आणि दुकानदाराला म्हणालात, मानूस वरडते असं काही भरून दे. त्याच्याकडे कुण्या कॉलेजातल्या पोराने गाणी भरायला ठेवलेलं कार्ड होतं. त्याने घाईत तेच तुमच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात इंग्रजी सुरू झालं. मायने हातातला विळा खाली ठेवला. "हा कोन भांडून राह्यला वं वावरात?" तुम्ही टोपली खांद्यावर तशीच धरून ऐकत उभे होता. मग म्हणालात, "भांडू दे. गान्याले चाल असली की जनावर समजते का हे गानं व्हय. हा त भांडूनच राह्यला. भांडनाजवळ कोन जाते?"

कार्ड बदलून आणायचा विषय तिथेच संपला. महिन्याभरात माकडं त्या भांडणालाही सरावली, पण ते तुम्ही शेवटपर्यंत कबूल केलं नाही. शेजारच्या वावरातले काका धुऱ्यावरून विचारायचे, "आज साहेब लय तापले वाट्टे?" आणि तुम्ही म्हणायचात, "साहेबाची झोप नाई झाली." शिरपूरची गाडी आपल्या वावराजवळ वळणावर हळू व्हायची, तेव्हा खिडकीतली माणसं माना बाहेर काढून बघायची. एकदा कुणीतरी ओरडलं होतं, वांग्याले इंग्रजी येते काय. तुम्ही हात वर करून येते म्हणून सांगितलं होतं.

रविवारी आणि शाळा सुटल्यावर राखणीला मी असायची. लिंबाखाली पुस्तक उघडं, समोर वांगी, डोक्यावर डबा. शाळेत इंग्रजीचे सर एक शब्द फळ्यावर लिहायचे, आम्ही तो दहा वेळा वहीत उतरवायचो आणि तरी तोंडातून काढायला लाजायचो. इथे हा माणूस श्वास न घेता शेकडो शब्द फेकत होता, आणि ते सगळे ढोलकीच्या थापेसारखे जागच्या जागी पडत होते. मी बादली उलटी घालून तिच्यावर बोटांनी ठेका धरायला शिकले. अर्थ कळत नसताना अख्खी गाणी तोंडपाठ झाली. लोक विचारतात की खेड्यातल्या पोरीला हे रॅपचं वेड कुठून लागलं. मी सांगत नाही. माकडांमुळे लागलं, हे कुणाला खरं वाटेल.

कार्डावर बरीच गाणी होती, आपली म्हणावी अशी चार. पहिलं दार आपटल्याच्या आवाजाने सुरू व्हायचं, त्याला माय दचकायची. दुसऱ्यात दोन माणसं आळीपाळीने बोलत होती, मागे लांबवर भोंगा वाजत राहायचा. तिसरं बाईचं होतं. तिचा आवाज असा की समोरच्याने मधे बोलायची सोयच नाही. आणि चौथं सावकाश, पेटीसारखं काहीतरी वाजायचं, मधे एक लहान मूल गुणगुणायचं, आणि त्यावर तो माणूस न ओरडता, अगदी जवळ बसल्यासारखा बोलायचा. ते तुमचं.

तुम्ही वाफ्याला पाणी फिरवत होता. फावडं टेकून मला विचारलंत, "काय म्हणते वं हा?" मला त्यातला एक शब्द धड कळला नव्हता. पण पोरगी इंग्रजी शिकते हे तुम्ही बाजारात, सोयऱ्यांत, रिठदच्या मामांना, सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. माहीत नाही म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. त्यातून निघालं ते वेगळंच. मी म्हणाले, "त्याची माय लोकायचे धुणे धुते. तो मोठा झाला आन तिले म्हणते, आता तू बस, मी करतो." पाणी वाफ्यातून फुटून धुऱ्यावर गेलं तरी तुमचं लक्ष नव्हतं. आजी दुसऱ्यांच्या बागेत निंदणीला जायची आणि कंबर मोडल्यावरही जात राहिली, हे मला पुढे मायने सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की तुम्ही धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि म्हणालात, "इंग्रजीतबी मायच असते म्हना." त्यानंतर तुम्ही बाकीच्यांचेही अर्थ विचारलेत आणि मी देत गेले.

याच्याच पुढच्या एका रविवारची गोष्ट मला विसरता येत नाही. राखणीला मायला ठेवून वाशिमच्या बाजारात मी तुमच्या शेजारी ढीग लावत बसले होते. किडकी वांगी मी खाली दडपली आणि चकचकीत वर मांडली. तुम्ही ढीग मोडलात, किडकी निवडून वेगळी केली आणि ती पुढे, गिऱ्हाइकाच्या पायाशी ठेवलीत. "किडकं समोर ठेव. ज्याले पायजे तो पाहून घेईन. दडवून इकलं का मंग चांगल्यावरबी कोनी भरोसा नाई करत." मी मान खाली घालून बसले. आणि त्याच बाजारात, अर्ध्या तासाने, तुम्ही पलीकडच्या पालकवाल्याला सांगत होता की एका बाईने धुणी धुऊन पोराला वाढवलं, त्याचं इंग्रजीत गाणं आहे, माह्या पोरीनं सांगितलं.

आता खरं सांगते. दार आपटणाऱ्या गाण्यात तो आपल्या गाडीची चाकं किती चमकतात तेवढंच सांगतो, मी त्याला घर सोडून निघालेला मुलगा केला होता. दोन माणसांचं गाणं मात्र मी बरोबर सांगितलं होतं. ते खरंच पोलिसांनी विनाकारण अडवल्याबद्दल आहे. कसं कळलं होतं, माहीत नाही, त्यांच्या आवाजातूनच कळलं असावं. बाईच्या गाण्याबद्दल मी म्हटलं होतं की ती पायी शाळेत जाते आणि पहिल्या बाकावर बसू द्या म्हणते. ती म्हणते की मी हवं ते घालीन, हवं तेव्हा घरी येईन, आणि जो मला सोडून गेला त्याने लांबून बघत बसावं. हे तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही डबा उतरवला असता. आजही क्लासमध्ये शिरण्याआधी मी तेच ऐकते, आणि मग मुलींपुढे उभं राहायला भीती वाटत नाही. तुमच्या गाण्यात तो त्याला सोडून चाललेल्या बाईला शिव्या देतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत. आई हा शब्द त्यात एकदाच येतो, आणि तोही शिवीत.

मी आता वाशिमला एका खाजगी क्लासमध्ये आठवी ते दहावीच्या मुलींना इंग्रजी शिकवते. पहिल्याच दिवशी त्यांना सांगते की माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, त्यात कमीपणा नाही. हे मी मनापासून सांगते. ही गाणी मला इतकी वर्षं आवडत आली तीही याच कारणाने, त्यांत कुणी काही झाकत नाही. आता तर हिंदीत, मराठीत असं गाणारी पोरं-पोरी आहेत, आपली वस्ती, आपली गल्ली, आपली लाज स्वतःच्या तोंडाने सांगणारी, आणि मी ती सगळी शोधून शोधून ऐकते. माझ्याही एका वहीत वऱ्हाडीत काही ओळी आहेत. पण मी त्या म्हणायला लागले की मला तुमचा चेहरा दिसतो, फावड्यावर टेकलेला, आणि पुढची ओळ लिहवत नाही. उद्या मी उभी राहून तेच खोटं सांगितलं तर या सगळ्याला काय अर्थ. मी ठरवलंय. सकाळी मायला सांगणार.

इथवर काल लिहिलं होतं. आता संध्याकाळ आहे, पाहुणे गेले आहेत.

सकाळी माय वडे तळत होती. मी पिठाचं ताट धरून शेजारी बसले आणि म्हणाले, "माय, बाबाच्या गान्यात मायचं काहीच नाई."

"कोनत्या?"

"तेच. मी मनचं सांगितलं होतं त्याहिले."

तिने वडा उलटला. "मंग काय म्हणते तो?"

"बाईले शिव्या देते. सोडून चालली म्हणून."

"कुठं, मधात?"

"सगळ्या गान्यात."

तिने झारा कढईच्या काठावर ठेवला. "म्हंजे इतके वर्सं मी तुह्या बापाच्या फोटोपुढं शिव्या लावून राह्यली." मला हसू येणार होतं. तिला येत नव्हतं, हे पाहून ते थांबलं. "कवा समजलं तुले?"

"बी.ए.ले असताना."

"आन आज सांगतं. लोकं घरून निघाले आन आज सांगतं."

"उभी राहून खोटं कसं सांगू, माय?"

"त नको सांगू लोकायले. पन मले काहून सांगतं? मले त इंग्रजी येत नाई. माह्यासाठी ते मायचंच होतं." तेल धुरावलं होतं. तिने कढई उतरवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बरं, आता लावू का नको लावू ते सांग. तू शिकली हायेस."

बाबा, मी रात्रभर मनात तयारी केली होती. ती रडेल, चिडेल, अबोला धरेल, सगळ्याला मी काय म्हणायचं ते ठरवलं होतं. हा प्रश्न मी धरलाच नव्हता. थोडा वेळ वाट पाहून तिने कढई परत चुलीवर ठेवली.

पंगत बसली. डबा लागला नाही. रिठदचे मामा पानावर बसल्या बसल्या म्हणाले, "साहेब कुठं गेले आज? आवाज नाई."

"डबा बिघडला, दादा," माय म्हणाली. "पोरीनं पाह्यला, नाई झाला नीट."

"बी.ए. कराले सांगतलं, डबा उघडाले कोनी नाई शिकवलं वाट्टे," मामा म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसले. मायने मला आणखी एक वडा वाढला आणि ती पुढच्या पानाकडे गेली. जिने तुमच्यासारखंच आयुष्यभर किडकं समोर मांडून विकलं, तिला मी आज माझ्यासाठी भावाशी खोटं बोलायला लावलं, आणि मी खरं बोलायला निघाले होते.

आणि ते खरंही मी पुरतं बोललेली नाही. बी.ए.ला असताना कळलं, असं मी मायला सांगितलं. मला अकरावीतच कळलं होतं. वाशिमच्या बस स्टँडवर एका मैत्रिणीने तिच्या मोबाइलवर त्या गाण्याचे शब्द काढून दाखवले, आणि मी ते उभ्यानेच वाचले. त्यानंतर दोन महिन्यांनी तुम्ही अकोल्याच्या दवाखान्यात होता. सलाईन बदलायला आलेल्या सिस्टरला तुम्ही म्हणालात, "माही पोरगी इंग्रजी गान्याचा अर्थ सांगते," आणि मला म्हणालात, सांग वं. मी मोबाइल तुमच्या उशीजवळ ठेवला आणि एकेक ओळ सांगत गेले. मुलगा आईला नवीन घर दाखवतो, तिच्या हातावरच्या साबणाच्या भेगांना तेल लावतो, हे मी त्या दिवशी नव्याने घातलं. तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी तसं केलं, असं मी आजपर्यंत स्वतःला सांगत आले, आणि त्यात थोडं खरंही असेल. पण सिस्टर हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत होती, आणि मला ते आवडत होतं. मायला हे सांगावं म्हणून मी संध्याकाळपासून दोनदा तिच्याजवळ गेले, आणि दोन्ही वेळा पाणी पिऊन परत आले.