काकावर गेलेला मुलगा

चिक्कडपल्ली, हैदराबाद

तीर्थस्वरूप गोविंददादा यांस धाकट्या हणमंताचा पायांवर डोके ठेवून नमस्कार.

आम्ही इथे सुखरूप आहोत. तुमचा गुडघा आता कसा आहे? कमल तुमची रोज आठवण काढते (कशासाठी काढते ते पुढे येईलच). देगलूरला फोन लागत नाही असं नाही, पण हे फोनवर बोलायला मला तोंड नाही, म्हणून लिहायला बसलो. अर्धं वाचून पत्र भिरकावू नका. मधला भाग वाईट आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात आमच्या घरातल्या एका खोडीपासून करावी लागेल. ओमकार शाळेत डबा विसरला की कमल म्हणते, काकावर गेलाय. गणितात गटांगळी खाल्ली की मी म्हणतो, थेट काकावर. छत्री हरवली, उशिरा उठला, तबल्याचा क्लास आठवड्यात सोडला, सगळं तुमच्या नावावर. (विज्ञानाच्या प्रश्नमंजूषेत पहिला आला तेव्हा मात्र तो माझ्यावर गेला होता. कमलच्या मते तिच्या माहेरावर. त्यावरून आमची जुंपली, पण तुमचं नाव काही निघालं नाही.) नुसतं नाव सांगून भागेना, म्हणून पुरावेही दिले: तुम्ही चांगली सरकारी नोकरी सोडलीत, कोंबड्यांचा धंदा बुडवलात, आमच्याकडे येताना काचीगुड्याला उतरायचं सोडून झोपेत कर्नूलपर्यंत गेलात. मुलाला वळण लागावं म्हणून सांगत होतो, असं म्हणायची सोय आहे. खरं म्हणजे सांगताना आम्हांला बरं वाटायचं. मुलाचा दोष आपला नाही असं ठरलं की जेवण चवदार लागतं, दादा. लिहितानाही लाज वाटते आहे.

पोरानं या मालाचं भलतंच केलं. खाली खेळायला समीर आणि गौतम असतात, त्यांना त्यानं हेच किस्से सांगितले. त्याच्या तोंडून ऐकाल तर तुम्हीच स्वतःला ओळखणार नाही. तुम्ही साहेबाच्या टेबलावर किल्ल्या आपटून ताठ मानेनं निघालात. कोंबड्यांची तुम्हांला दया आली आणि तुम्ही खुराड्याचं दार उघडलंत. कर्नूलला तर मुद्दाम गेलात, गाव कसं आहे बघायला! पोरं तुमच्यावर अशी लुब्ध झाली की डबे मुद्दाम शाळेत ठेवून येऊ लागली. एके दिवशी समीरची अम्मी दारात येऊन कमलला म्हणाली, "हमारा समीर भी बोल रा, मैं भी काका पे गया. ये काका हैं कौन, भाभी?" कमलनं तिला चहा पाजला आणि विषय बदलला.

इथवर हसण्यासारखं होतं. पुढे आमच्या इमारतीच्या गणपतीत मुलांना बक्षिसं कोणाच्या हस्ते द्यायची यावर गच्चीवर बैठक बसली. आमचे सेक्रेटरी अप्पाराव मला म्हणाले, "आपके बड़े भाईसाब को बुलाओ जी. बच्चे लोगां नेता को नक्को बोल रे, काकाच होना बोल रे." पोरांना पुढारी नको, तुम्हीच हवे होतात. माझे ऑफिसातले साहेब तिसऱ्या मजल्यावर राहतात, तेही तिथे बसलेले. मला डोळ्यांसमोर तुम्ही दिसलात, ती झिजलेली चप्पल, ती खांद्यावरची पिशवी, आणि माझा जीव घाबरा झाला. मी हसत हसत म्हणालो, "छोड़ो जी, उन्होंने ज़िंदगी में एक काम ढंग से नहीं किया." सगळे हसले. दादा, मीही हसलो.

ओमकार हसला नाही. पोरांच्या घोळक्यातून उठून माझ्याजवळ आला आणि सगळ्यांसमोर मराठीत विचारलं, "मग मी पण तसाच होणार ना, पप्पा? तुम्हीच म्हणता ना, मी काकावर गेलोय."

मी आधी साहेबांकडे पाहिलं. साहेबांना मराठी येत नाही याचं त्या क्षणी समाधान वाटलं, आणि वाटलं याची आता चीड येते.

तेव्हापासून घरात काही हरवत नाही. डबा वेळेवर परत येतो, बूट फळीवर असतात, आणि मुलगा खाली जात नाही. समीर जिन्यातून हाका मारून मारून निघून जातो. मागच्या आठवड्यात ओमकारनं गणिताचा पेपर कोरा दिला. बाईंनी विचारलं तर म्हणाला, "माझं काय व्हायचं ते ठरलेलं आहे." बाईंनी मला बोलावून घेतलं आणि घरात असं कोण बोलतं, असं विचारलं. मी म्हणालो, बघतो.

एवढंच कानावर घालायचं होतं. जमलं तर क्षमा करा. उत्तराची अपेक्षा नाही.

आपला,
हणमंत

ता. क. उत्तराची अपेक्षा नाही हे खोटं आहे. येत्या रविवारी या. बक्षिसं वाटायला नव्हे, ते अप्पारावांनी दुसऱ्या कोणाच्या गळ्यात घातलं. भाषण नको, उपदेश नको, नवे कपडे तर मुळीच नकोत. ओमकारच्या शेजारी बसून जेवा. अपयशी माणूस पोटभर जेवतो, हसतो, चांगला असतो, हे त्याला दिसू द्या. माझ्या सांगण्यावर त्याचा आता विश्वास नाही.

दुसरा ता. क. आज सकाळी शाळेत जाताना बुटाची नाडी बांधत त्यानं विचारलं, "पप्पा, मी काकावर गेलो, मग काका कोणावर गेले?" मी म्हणालो, काकांना विचारून सांगतो. दादा, आपले वडील तुम्हांला काय म्हणायचे ते मला पक्कं आठवतं. 'हा आमच्यातला नाहीच,' असं म्हणायचे, जेवायच्या पानावर, माझ्यासमोर. ते तेवढं त्याला सांगू नका. दुसरं काहीही सांगा, मी शेजारी बसून मान डोलावीन.