आफ्रिकेची दुर्बीण, अकोल्याचं माउंट

८ सप्टेंबर १९६३, रविवार

आजपासून रोजनिशी. मी सांगणार, सून शालू लिहिणार. मी मले-तुले म्हणते, ती मला-तुला लिहिते. सातवी पास आहे, चालायचंच. लेखणी उघडायच्या आधीच विचारते, आत्याबाई, तुम्हाला वाचता येत नाही, मग ही वही कोणासाठी? म्हटलं, माझ्यासाठी. पेटीतली पुतळी आपण रोज काढून बघतो का? आहे, एवढं पुरे. लिही.

ठराव पहिला. डिसेंबरात अकोल्याला बायकांचा रायफलीचा सामना आहे. अमरावतीच्या चार बायका जाणार. त्यातली एक मी.

आज रेंजवर तसं जाहीर केलं. चीनच्या लढाईपासून आमचा बायकांचा रायफलीचा वर्ग चालतो, शालूही येते. शिकवायला देवराव जमादार, पलटणीतून रिटायर झालेला. म्हणाला, सुंदराबाई, वय काय तुमचं? म्हटलं, रायफलीनं विचारलं का? बायका हसल्या. मग म्हणतो कसा, या न अकोल्याले, टाळ्या वाजवाले बी माणूस लागते.

टाळ्या! भातकुलीकडच्या आमच्या गावात दसऱ्याला पाटलाच्या बंदुकीची पूजा व्हायची आणि आम्ही वीस पावलं लांब उभे. माझ्या वाटणीच्या टाळ्या तेव्हाच वाजवून झाल्या.

नेम मला येतोच. जूनपासून तीनदा झाडली. लक्ष्य तेवढं बारीक दिसतं. त्याचा इलाज घरात आहे.


११ सप्टेंबर

ट्रंक उघडली. यांनी लढाईवरून, आफ्रिकेहून आणलेली दुर्बीण काढली. एका जर्मन साहेबाच्या रायफलीवरची म्हणत. रायफल तिकडेच राहिली, दुर्बीण कांबळ्यात गुंडाळून अमरावतीला आली. हे होते तोवर मला हात लावू दिला नाही. जाऊन नऊ वर्षं झाली. आज लावला.

पहिल्याच नजरेत समोरच्या माणिकबाईच्या छपरावरचा भोपळा दिसला. किडका आहे. तिला लगेच सांगून आले. उपकार मानायचे सोडून विचारते, तू माझ्या घरावर डोळे लावून बसतेस का?


१५ सप्टेंबर, रविवार

दुर्बीण नेली. देवरावनं उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाला, माल एक नंबर हाय, पण हे रायफलीवर बसवाल काहाची? याले माउंट लागते.

माउंट म्हणजे पकड. खालचा शिकंजा रायफलीच्या खाचेत आवळायचा, वरच्या दोन कड्यांत दुर्बीण बसवायची. अट एकच, क्लबच्या रायफलीला भोक पाडायचं नाही. देवराव समजावून राहिला, बाई, दुर्बिणीपेक्षा माउंट मोठं. बैठक केसभर हलली, की गोळी हातभर हलली.

मला सांगतो! चाळीस वर्षं जातं ओढलं. मधली खीळ ढिली झाली की पीठ भरड निघतं, हे मला पलटणीत जाऊन शिकावं लागलं नाही.

ठराव दुसरा. पसंतीचं माउंट मिळेपर्यंत मी गोळी झाडणार नाही. वाईट सवय लागते. तपासणीपुरत्या गोळ्या शालू झाडेल. तिला काय, कसलीही सवय लागली तरी चालेल.


६ ऑक्टोबर, रविवार

मुंबईचं माउंट आलं. क्लबचे सेक्रेटरी मोरोपंत वकील, त्यांनी मागवलं होतं. सुबक, काळंभोर. मडक्यासारखं टिचकी मारून पाहिलं. आवाज नाही. तिथेच माझ्या मनातून उतरलं.

पुढे कड्यांत दुर्बीणच जाईना. केसभर अरुंद. मोरोपंत म्हणाले, परत पाठवू, बरोब्बर मापाचं दीड महिन्यात येईल, तोवर सामन्याचे नियमही छापून येतील. देवराव म्हणाला, तेच करा, थांबा. दीड महिना थांबू? यांची दुर्बीण मुंबईच्या दुकानदारापुढे मापं देत बसणार? परत पाठवा म्हटलं, आणि दुसरं मागवू नका. माउंट आता मी बघते.


१४ ऑक्टोबर

दीक्षेचा दिवस. पांढरं लुगडं. आज रायफलीचं नावही नाही. वंदनेच्या मधेच माउंटच्या स्क्रूचा विचार आला. हे लिहू नको म्हणून शालूला बजावलं. लिहिलंच असेल.


२० ऑक्टोबर, रविवार

पितळेचं माउंट. तांबटाकडे स्वतः बसून घडवलं. असं लखलखतं की रेंजवरच्या साऱ्या बायका बघायला आल्या. दोघींनी त्यात कुंकू सारखं केलं.

शालूनं पाच गोळ्या झाडल्या. चौथीला स्क्रू सैल, पाचवीला स्क्रू गवतात. उन्हाची तिरीप तिच्या डोळ्यात जात होती म्हणे. पाचही भोकं मिळून एका थाळीखाली झाकली गेली. तिच्या गोळ्यांना पहिल्यांदा अंगण पुरत नव्हतं, तेव्हा हा माउंटचाच गुण. देवराव म्हणाला, बाई, हे माउंट नाही, लोटा हाय.

लोटा चाळीस वर्षं टिकतो. तो पाच गोळ्यांनी खचला, तर चूक गोळ्यांची.


२७ ऑक्टोबर

अकोल्याला जाऊन आले. माझ्या माहेरच्या नात्यातला डोमाजी मिस्त्री तिथे एका कापसाच्या जिनात लेथवर आहे. रुईच्या गाठी बांधायची यंत्रं दुरुस्त करतो. ज्याचे स्क्रू गाठी दाबतात, त्याला एक दुर्बीण काय जड?

सगळं समजून घेतलं आणि म्हणाला, बहिणी, दुर्बीण ठेवून जा. यांची वस्तू परगावी ठेवू? दुर्बिणीला दोरा गुंडाळला, गाठ मारली, दोरा त्याच्या हातात दिला. बांगडीचं माप असंच देतो आपण. डोमाजी दोरा ताणून बघे आणि डोकं खाजवे. शिकलेली माणसं साध्या गोष्टीला घाबरतात.

परतताना गाडीत मूर्तिजापूरपर्यंत शालू पदराचा दोरा ताणून बघत होती. विचारलं, तर म्हणते, दोरा ताणला की लांब होतो न, आत्याबाई. मी झोपल्याचं सोंग घेतलं.


१० नोव्हेंबर, रविवार

माउंट आलं. पोलादी, काळं, म्हशीच्या शिंगासारखं. टिचकीला आवाज खणखणीत.

कड्या केसभर सैल निघाल्या. डोमाजीचा लेथ खराब असावा. पण वऱ्हाडात कापूस असताना फट राहते का? कडीत चारी बाजूंनी कापूस ठासला, स्क्रू गंजू नयेत म्हणून वर जवसाचं तेल सोडलं. दुर्बीण गादीवर बसल्यासारखी बसली.

पहिल्या पाच गोळ्या बशीखाली. नंतरच्या पाच भाकरीखाली. त्यानंतर गोळ्या वरवर चढायला लागल्या. शालू म्हणे, दुर्बीण सरकून राहिली. देवरावनं कडी उघडली. कापूस बघितला. बोटाला लागलेल्या तेलाचा वास घेतला. म्हणाला, सुंदराबाई, हे रायफल हाय का समई? आता काडी लावू का?

छप्पन साली आम्ही देव सोडले. तेल सोडा असं कोणी सांगितलं नव्हतं.

देवरावनं सगळं पुसून कोरडं केलं आणि कडीत डब्याच्या पातळ पत्र्याची पट्टी घातली. मी करणारच होते. शालूच्या पाच गोळ्या रुपयाखाली. सगळ्या बायका शालूला शाबासकी देत होत्या. माउंट कोणाचं, हे कोणी विचारलं नाही. मी तिथेच होते. विचारता आलं असतं.


२४ नोव्हेंबर, रविवार. निवड.

आज माझी पाळी. प्रत्येकीला दहा गोळ्या. माझ्या शेजारच्या जागेवर शालू. एकच दुर्बीण, आधी तिनं झाडल्या, मग मी.

निकालाला कागद आणले. माझ्या कागदावर एकही भोक नाही. शालूच्या कागदावर तेरा. आता दहा गोळ्यांची तेरा भोकं होत नाहीत हे मला न शिकताही कळतं. त्यातली तीन माझी. तशी मागणी केली. देवराव म्हणाला, दुसऱ्याच्या कागदावर लागली ते गोळी धरत नसतात. म्हटलं, दुसऱ्याच्या? ती सून आहे माझी. एका चुलीवर जेवतो आम्ही.

निवड झाली. शालू आणि आणखी तिघी. मी राखीव.

घरी येताना शालू सारखी वळून बघत होती, मला वाईट वाटलं का म्हणून. वेडी आहे. राखीव म्हणजे काय? चांगलं लुगडं आपण राखून ठेवतो, फाटकं नेसतो.


१ डिसेंबर

रोज वीस गोळ्यांचा ठराव केला होता. आज गुडघा. काल पाहुणे. परवा सकाळी इतकी थंडी, की बोट वाकेना. पण माउंट रोज पुसते. मुख्य काम तेच.


८ डिसेंबर, रविवार

देवराव रोज सराव संपला की माउंट काढून दुर्बीण वेगळ्या कपाटात ठेवतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवायचं, पुन्हा नेम जुळवायचा. बसवलेली खीळ रोज उपटायची ही कुठली रीत? तीनदा सांगितलं. ऐकत नाही.

आज तो चहाला गेला. छिन्नी घेऊन गेलेच होते. खालच्या दोन्ही स्क्रूंची डोकी ठोकली, खाच पार बुजवून टाकली. आता जगातला कुठलाही पेचकस त्यात शिरणार नाही. शालू नको नको म्हणत होती. म्हटलं, तुझ्याचसाठी करून राहिले, नेम हलायचा नाही तुझा.

परत आल्यावर देवरावनं पेचकस लावला. मग खाली बसला. शेवटी म्हणाला, आठ दिवस राहिले, राहू द्या आता तसंच.

जिंकले.


१६ डिसेंबर, सोमवार. कालचं सांगते.

अकोल्याला सकाळी नऊला पोचलो. पंच एक चष्मेवाला साहेब. आमची रायफल हातात घेतली, डोळ्याला लावली, खाली ठेवली. म्हणाला, बायकांच्या सामन्यात दुर्बीण चालत नाही, उघड्या साइटवरच नेम धरायचा, काढा हे.

मोरोपंतांनी खिशातून छापील नियम काढले. चार दिवसांपूर्वीच आले होते. त्यांनी उलगडले तेव्हा कागदाची घडी नवीकोरी होती. माणूस वकील आहे, दुसऱ्याचे कागद वाचतो.

मी पंचाशी भांडले. म्हटलं, बायकांना कमी दिसावं असा सरकारचा हुकूम आहे का? तो हसला. हसणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही.

काढा म्हटलं, तर निघतं कुठे! देवराव पेचकस फिरवे, तो घसरे. शालूची पाळी तासाभरावर. अकोल्याच्या बायका म्हणाल्या, आमची रायफल घ्या. देवराव तयार झाला. शालूच्या तोंडाचं पाणी पळालं. म्हणाली, हिचा घोडा मले माहीत हाय, दुसरीचा नाही. एवढंच म्हणाली. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मोरोपंतांना जिनात पिटाळलं, डोमाजीला करवतीसकट घेऊन या. डोमाजी आला. बघून म्हणाला, शिकंज्यापाशी कापलं तर रायफलीले लागते. कड्या कापाव्या लागतीन, दुर्बिणीले ओरखडा येईन. माझ्या तोंडाकडे सगळे बघून राहिले. देवराव म्हणाला, बाई, नका, तुमच्या मालकाची निशाणी हाय ते.

काप म्हटलं.

रायफल मी धरली. हलू दिली नाही. कड्या गेल्या, दुर्बीण निघाली, मग शिकंजा कानशीनं घासून सोडवला. पाऊण तास लागला. करवतीची तीन पाती मोडली. तीन! एवढं पक्कं माउंट हिंदुस्थानात दुसरं नसेल. मुंबईवाल्यांनी करून दाखवावं. दुर्बिणीवर बोटभर ओरखडा आला आहे. मी मोजलेला नाही, शालूनं मोजला.

शालू उघड्या साइटवर झाडायला बसली. सगळ्यांत दुसरी आली. नागपूरच्या सामन्याला निवड झाली तिची.

हे लिहायला ती लाजते आहे. लिही म्हटलं, तुझंच नाव आहे. मग विचारलं, उघड्या साइटचा नेम तुला आला कधी? मान खाली घालून सांगते, दर बुधवारी देवरावजींनी शिकवला, दुपारी, तुम्ही तांबटाकडे जात होत्या तवापासून. माझ्याच वहीत, माझ्याच पाठीमागची गोष्ट, आणि लिहिणारी तीच.

रागावले नाही. रागावले असं तिनं लिहिलं असेल तर ते खोटं.


२२ डिसेंबर, रविवार

शालू नागपूरला गेली. आज लेक मोतीराम लिहितो आहे. त्याला कचेरीत दिवसभर लिहावं लागतं, म्हणून म्हणतो, आई, थोडक्यात सांग.

थोडक्यात. भाकरी मी केल्या. रेंजवर गेले. दुर्बीण नाही, माउंट नाही, शालू नाही. दहा गोळ्या झाडल्या. देवराव शेजारी बसून होता. कागद आणला. एक लागली. तीही काठाला.

मोतीराम विचारून राहिला, वारा होता असं लिहू का? झाडाचं पान हलत नव्हतं. नको म्हटलं. वाऱ्याचं पुढच्या रविवारी लिहू.