पैठणच्या पिवळ्या पायांच्या माश्या

गारखेडा, औरंगाबाद
३ ऑगस्ट १९८७

ती. सौ. भानूताईस,
वैजनाथचा सा. न. वि. वि.

मी बीएस्सी अर्ध्यात सोडली, डोळे सोडलेले नाहीत. माझ्याबरोबर कॉलेजात होती ती प्रमोदिनी दर रविवारी पैठणला येऊन तुझ्याकडं अळ्यांच्या बरण्या ठेवते. पत्ता मीच दिला होता, ही माझी अक्कल! तिला एमएस्सीसाठी तिळाएवढ्या गांधीलमाश्या हव्यात, लिंबावरच्या अळीच्या पोटात अंडी घालणाऱ्या. वाळूजकडच्या माशीचे पाय काळे, पैठणच्या माशीचे पिवळे. पंखांच्या शिरा अन् मिशांचे पेरे बघून जाती लावायच्या म्हणे. लाव बाई. पण अळ्या वेचायला तो तिच्या वर्गातला रामकिसन कशाला? दोघं कुठं बसतात, काय बोलतात, खरं कळव. नाहीतर मी येऊन बरण्याच उपड्या करतो. बरण्या गेल्या की रविवार गेले!

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
वैजनाथ

पैठण
१७ ऑगस्ट

चि. वैजनाथास,
अ. उ. आ.

तुझा वैरी बघितला. एसटी लागून आला अन् लिंबू चोखत ओट्यावर आडवा झाला. अळ्या पोरीनं एकटीनंच वेचल्या. अळीवर पांढरं दिसलं तर बुरशी समजून फेकू नका, ते माश्यांचे कोश आहेत, असं मला बजावलं. तुझं नाव काढलं नाही.

मंगळवारी मी बाजारात असताना तू येऊन गेलास, असं शेजारच्या साळूबाई म्हणाल्या. तशीच आत धावले. बघते तर बरण्या जागेवर, अन् त्यांच्याखालच्या स्टुलाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत! उपड्या करायला आलास अन् मुंग्यांपासून राखून गेलास, व्हय रे?

काल ती आली. वाट्यांपाशी खाली बसली. मग म्हणाली, कॉलेजात असं एकच जण करायचा. माश्या निघाल्यात, सगळ्या पिवळ्या पायांच्या. जाताना मला विचारलं, त्यानं कॉलेज सोडलं ते सोडलं, मला भेटणं का सोडलं? मी काय सांगू?

आमची माया आहेच. तू शहाणा हो.

तुझी ताई,
भानुमती

गारखेडा
२० ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मुंग्यांचं म्हणशील तर, रांग थेट कोशांकडं चालली होती. हात उठला बरण्या पाडायला, अन् वाट्याच शोधत बसला. सरांशी भांडून कॉलेज सोडलं, मग तिला तोंड दाखवायची मलाच लाज वाटली. हे आता तिलाच सांगीन.

पण ताई, रामकिसनला खरंच एसटी लागते का? का तिनं विचारपूस करावी म्हणून सोंग? मला नाय पटत. रविवारी मीच दोघांबरोबर येतोय. त्याला खिडकीशी बसवीन, तिच्याशेजारी मी. लिंबंही घेतलीत. तिला त्याच्यासाठी शोधावी लागायला नकोत.

वाट्यांत पाणी घालत राहा, अन् माझ्यावर जीव असू दे.

तुझा,
वैजनाथ